तिसरी फेरी

तिसऱ्या फेरीत, पुलाच्या वळणावर
गाडी थबकते, पडदा निळा होतो.
संकेत टेबलावर मूठ आपटतो
आणि मी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर शोधते.

रॅम काढून खोडरबरानं घासली.
गेम उडवला, रात्रभर लावून परत टाकला.
उईकेंच्या चक्कीवर संशय घेतला,
दळण सुरू झालं की आमचा बल्ब पिवळा पडतो.
उईके म्हणाले, ऐतवारी चक्की बंदच रायते न बाई,
तवा नाई पडत काय बंद?
पडत होता.

एप्रिल. देवळीत पंचेचाळीस.
कूलर कॉम्प्युटरकडे वळवला.
आई ओला पदर डोक्यावर घेऊन बसली,
बिलाचं काही बोलली नाही.

शेवटी कॅबिनेटची कड उघडली.
पंख्याच्या पात्यांना, जाळीला, पार आतपर्यंत
कापूस.
आधी चिमूटभर, मग मूठभर.
देवापुढच्या महिनाभराच्या वाती झाल्या असत्या.

बाबा सहाला जिनिंगमधून येतात,
हातपाय न धुता तिथंच टेकतात,
खुर्चीमागच्या स्टुलावर,
संकेतची गाडी पाहत.
ब्रेक माराचा होता न, म्हणतात.

ब्रशनं सगळं झाडलं.
पाच फेऱ्या झाल्या. सहावीही.
बाबांनी तो कापूस तळहातावर घेतला,
वजन करावं तसा,
आणि खिशात टाकला.

आता ते आधी न्हाणीत जातात.
ओल्या पायांचे ठसे
स्टुलापाशी येईपर्यंत
संकेत गेम सुरू करत नाही.