पायाभूत वर्ष

फॅसिटच्या यंत्राचा दांडा मी फिरवायचे,
पुढे गुणाकार, मागे भागाकार,
आणि बठीजा सर शेजारी उभे राहून
दशांशानंतरचा तिसरा आकडा मागायचे.
"दोन पुरत नाहीत का?"
"पुरतात. पण तिसरा आहे, तर टाकायचा कशाला?"

शिकारपूर, सक्खर जिल्हा. हे त्यांनी सांगितलं नव्हतं,
त्यांच्या सेवापुस्तिकेत होतं.
जन्मगावाच्या रकान्यात कोणीतरी नंतर
लाल शाईने लिहिलेलं: परदेश?
ते प्रश्नचिन्ह निवृत्तीपर्यंत तसंच राहिलं.

टिपणं उजवीकडून डावीकडे,
आकडे मात्र डावीकडून उजवीकडे;
एकाच ओळीत पेन दोनदा उडी मारायचं.
मराठी शिकले पिंपरीच्या छावणीत, अकराव्या वर्षी,
मोठ्यांचे रेशनचे अर्ज भरता भरता.
म्हणून मध्येच म्हणायचे,
"मी खालील सही करणार, आज डबा विसरलो."

सदतीस वर्षं कोणी ना कोणी सांगत राहिलं,
"सर, तुमचं मराठी छान आहे हो."
ते मान लववायचे.
रीडरची जागा दोनदा निघाली.
दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणाचं मराठी
आणखी छान निघालं.

आजोबांची हुंडी बुखाऱ्यात वटायची,
हे एकदाच बोलले, पगाराच्या दिवशी,
सोसायटीचा हप्ता कापून आलेलं पाकीट मोजताना.
त्या लिपीला मात्रा नसत, म्हणाले,
वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागे
काय लिहिलंय ते.

एकसष्टला धरण फुटलं.
चौथ्या दिवशी दापोडीच्या पुलावरून सायकल हाणत आले,
मला म्हणाले, वही घ्या.
शनिवारात गुडघाभर चिखल
आणि हे विचारतायत: मेणबत्ती? रॉकेल? बाज?
एक बाई होती, हातात नुसतं पितळी झाकण.
"माणसं वाहून गेली, आणि भाव काय लिहिताय मेल्यांनो?"
मला तोंड लपवावंसं वाटलं.
सर म्हणाले, "सत्तेचाळीसला आमच्याकडे कोणी लिहिले नाहीत.
टांग्याचे. पाण्याचे. बोटीवरच्या जागेचे.
आता आम्ही सांगतो, तर कोणी धरत नाही."
बाई झाकण फिरवत उभी राहिली.
मग म्हणाली, "मेणबत्ती आठ आणे.
काल सहा होती, तेही लिहा."

पायाभूत वर्ष कसं निवडायचं, ते वर्गात शिकवत:
दुष्काळाचं नको, लढाईचं नको, दंगलीचं नको.
साधं वर्ष घ्या, कोणाला आठवत नाही असं,
त्याला शंभर म्हणा.
मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, सर, तुमचं कोणतं?
"मी पाचवीत होतो, ते असेल," म्हणाले,
"पण त्या वर्षाचे भाव फक्त आईला माहीत होते."
आणि खडू शोधू लागले. खडू हातातच होता.

बाजारातून वस्तू नाहीशी झाली
की जवळची दुसरी धरतात,
गुणक लावून सांधतात, मालिका तुटू देत नाहीत.
सिंधूच्या पल्ल्याच्या जागी सरांच्या घरी
खडकवासल्याचा रोहू यायचा.
गुणक काय लावला,
हे देवीबाईंना विचारायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात पिंपरी कॅम्पात होते, गुडघ्याच्या डॉक्टरकडे.
फुटपाथवर कमळाचे देठ, चिखलासकट.
"कसे दिले?"
भाव ऐकला, पिशवीतून पेन काढलं,
औषधांच्या पावतीमागे लिहिला, तारीख घातली.
"मावशी, घ्यायचेत, का नुसतं विचारताय?"
"नुसतं विचारतेय," म्हटलं.
त्यानं अर्धा किलो तागडीत टाकलेसुद्धा होते.