मोरीला बोळा

पहाटेचे दोन चौदा. नोंदीत एक अनोळखी नाव:
डोरीन्स किचन.
सात नंबरच्या ॲम्ब्युलन्समधला टॅब्लेट
मला न विचारता त्या किचनमध्ये शिरला,
अकरा मिनिटं बसला
आणि मागे दार लोटून निघून आला.

मी हे वाचते तेव्हा सकाळचे नऊ,
व्हाइटहेवनच्या बंदरावर धुकं,
हीटरला जळक्या धुळीचा वास.

माझं काम दारं मोजायचं.
टॅब्लेटला बाहेर जायला तीन: सिम, डेपोचं वायफाय,
गाडीच्या टपावरची अँटेना.
शिवाय ब्लूटूथची एक खिडकी,
तिच्यातून हृदयाचं यंत्र आत कुजबुजतं.
सगळं एकाच वेळी सताड उघडं.
एकीकडून आलेला दुसरीकडून जाताना
काय उचलून नेईल, सांगता येत नाही.
बैठकीत मी म्हणाले, दार उघडं आणि मोरीला बोळा.
इंग्रजीत सांगितलं तेव्हा ते गटारदुरुस्तीसारखं वाटलं.
ग्रॅहमने तेवढं लिहून घेतलं.

ऑक्टोबरात नियम झाला:
एका वेळी एकच दार. एक लागलं की बाकीची बंद.
स्वच्छ नियम. त्या दिवशी ऑफिसात गाजराचा केक होता.

डोरीन टायसनला खुलासा द्यायला बोलावलं.
आली ती हिरव्या गणवेशात, ड्यूटी संपवून,
बुटांना एनरडेलचा चिखल.
म्हणाली, दरीत तुमची अँटेना एका बारीक सिग्नलला लोंबकळत होती.
तुटेना, आणि काही नेईनाही.
ती धरून आहे म्हणून बाकीची दारं बंद.
म्हातारा स्ट्रेचरवर विचारत होता, मेंढ्यांना कोण बघेल,
आणि त्याच्या छातीचा आलेख
पडद्यावर नुसता गोल गोल फिरत होता.
मग मी वायर उपटली. माझा फोन लावला.
कार्लाइलच्या डॉक्टरला आलेख मिळाला.
आता लिहा काय लिहायचं ते.

मी विचारलं, म्हातारा?
गुरुवारी घरी गेला. अजून तसाच खडूस आहे.

मी काहीच लिहिलं नाही.
म्हणजे, लिहिलं, आणि मग खोडलं,
कारण तिच्या फोनवर नातवाचे तीन खेळ आहेत,
एक फोटो मागतो, एक मायक्रोफोन,
तिसरा काय मागतो ते तिलाही ठाऊक नाही,
आणि त्याच फोनवरून एका माणसाचं काळीज
अकरा मिनिटं ये-जा करत होतं.
ती बरोबर होती. मीही.
अशा वेळी फॉर्ममध्ये रकाना नसतो.

हिवाळाभर मी दारं मोजणं सोडलं
आणि चिठ्ठीलाच कुलूप घालायला बसले.
आता तिन्ही रस्त्यांनी तीच बंद चिठ्ठी निघते,
पहिली पोचेल ती खरी, उरलेल्या फेकायच्या.
रस्ता कुणाचा, हे विचारायचं नाही,
रस्त्यावर विश्वासही टाकायचा नाही.
दरीसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं.
ग्रॅहम म्हणाला, महाग आहे.
मी म्हणाले, हो.

काल रात्रीची नोंद: तीन चाळीस.
डोरीन्स किचन जवळच दिसलं. टॅब्लेट शिरला नाही.
ती एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

मग आपला फोन उघडला, सहज,
सगळ्यांना शिकवते ते स्वतः करावं म्हणून.
लक्षात ठेवलेली नेटवर्कं: सत्तेचाळीस.
पेन्रिथच्या स्टेशनवरचा कॅफे. दातांचा दवाखाना.
एक हॉटेल, त्याचं नावही आठवत नाही.
आणि तळाशी, लीड्समधल्या त्या फ्लॅटचं,
ज्याची किल्ली मी चार वर्षांपूर्वी
त्याच्या टेबलावर ठेवून निघाले.
म्हणजे इतके दिवस खिशात हा
जाईल तिथे हळूच विचारत होता,
आहेस का? आहेस का?
ऐकणारं कुणीही हो म्हणू शकलं असतं.

सेहेचाळीस पुसली.
हीटर बंद केला. धुकं अजून तसंच होतं.