फावड्याची उधारी

बावीस वर्षं मी या रस्त्यावर टपाल वाटतो.
कुणाचं बिल थकलंय, कुणाच्या मुलाचं पत्र तुरुंगातून येतं,
पोस्टमनला सगळं ठाऊक असतं, तो बोलत नाही.
ही गोष्ट मात्र अख्ख्या गल्लीला माहीत आहे,
म्हणून सांगतो.

सोळा नंबरात डेल्बर्ट क्वामे. हाडामासानं हिरवा-पिवळा.
तो जन्मला तेव्हा बापानं म्हणे आधी पॅकर्सचा स्कोअर विचारला,
मग मुलगा की मुलगी.
समोर, सतरा नंबरात, काझिमीर डुडेक,
शिकागोहून आलेला घरजावई.
विस्कॉन्सिनचं मीठ खाल्लं, विस्कॉन्सिनची बायको केली,
इथल्याच चीजच्या कारखान्यात जन्म काढला,
पण डोक्यावरची बेअर्सची निळी टोपी
लग्नाच्या फोटोपुरतीसुद्धा उतरवली नाही.

पैज एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून एकच.
जो हरेल त्यानं
दुसऱ्याच्या दारातला बर्फ उपसायचा,
पुढच्या सामन्यापर्यंत.

डेल्बर्ट खिडकीत उभा, हातात कॉफी,
काचेवर टकटक करून बोट दाखवायचा:
तो कोपरा राहिला.
काझिमीर फावडं टेकवून पोलिश शिव्या हासडायचा.
त्या ऐकून ऐकून डेल्बर्टला पाठ झाल्या
आणि स्वतःच्या पाळीला तो त्याच परत करायचा,
नॉर्वेजियन हेल काढून.
एका वर्षी तर काझिमीर हरला आणि आठ दिवस उगवलाच नाही.
आला तेव्हा म्हणाला,
"बर्फ काय पळून जातोय?"

यंदा डिसेंबरात सामना शेवटच्या सेकंदावर आला.
बेअर्सची किक. चेंडू उडाला,
खांबावर आदळला,
क्षणभर विचार केल्यासारखा थांबला
आणि बाहेरच्या बाजूला पडला.
काझिमीर तेव्हा हॉस्पिटलात, नाकात नळी.
टीव्हीकडे बघून नर्सला म्हणाला,
"माझं फावडं कुठंय?"
बुधवारी गेला.

शुक्रवारी चौदा इंच पडला.

गल्लीनं आपापली दारं मोकळी केली. सोळा नंबर तसाच.
काझिमीरची मुलगी हलीना आली,
बापाचं लाल दांड्याचं फावडं घेऊन.
डेल्बर्ट दारातूनच म्हणाला,
"ठेव ते. उधारी तुझी नाही."
भाचा बर्फ उडवायचं मशीन घेऊन आला,
त्याला तर त्यानं गाडीतून उतरूही दिलं नाही.

वाट साफ नसेल तर टपाल परत न्यायचं, असा नियम आहे.
मी गुडघाभर बर्फातून जात राहिलो,
कालच्या माझ्याच पावलांच्या खड्ड्यांतून.
एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा
कचऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दारानं,
भिंत धरून धरून.
एकदा न राहवून विचारलं, किती दिवस चालणार हे?
"मी जिंकलो होतो," म्हणाला.
औषधांचं पाकीट घेतलं, दार लावलं.

मार्चच्या अखेरीला वारं फिरलं.
दक्षिणेचं, शिकागोच्या अंगाचं, दमट.
छपराच्या कडेनं थेंब गळू लागले,
पायऱ्या दिसल्या,
मग फरशीची एक चीर, मग दुसरी.
आठवडाभर हळूहळू, आळसात,
मधूनच विसावा घेत
कुणीतरी काम करावं तशी वाट मोकळी होत गेली.

सोमवारी मी कोरड्या बुटांनी दारापर्यंत पोचलो.
डेल्बर्ट खिडकीत, हातात कॉफी.
माझ्याकडे बघत नव्हता.
गॅरेजच्या सावलीत
काळपट बर्फाचा ढिगारा उरला होता,
टोपीएवढा.
त्याकडे बोट करून
तो काचेवर टकटक करत होता.