सही

जेलरोडच्या बँकेतली मुलगी म्हणाली,
"काका, सही जुळत नाहीये."

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या या माणसाने.
केसाएवढी चूक
अंगठ्याला कळायची.
आता 'गायधनी'च्या शेवटच्या वेलांटीपर्यंत
अक्षरं मुंगीएवढी होतात.

रिक्षात मी गप्प.
घरी आल्यावर शर्टाच्या बटणांवरून
वसकन ओरडले.
तो बघत राहिला.
चेहऱ्यावर काही उमटत नाही हल्ली,
तो आजार की राग
हे कोणाला विचारू?

तरातरा मुक्तिधामपर्यंत गेले.
चपला न काढता बाहेरच उभी राहिले,
देवाशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

परतले तर ओट्यावर चहा,
थोडा कपात, बराचसा बशीत,
उरलेला फरशीवर.
"साखर घातली का गं मी?"
दोनदा घातली होती.
प्यायले.

रात्री हिशेबाच्या वहीत
मागच्या पानावर
त्याची सही करून पाहिली.
हुबेहूब आली, वेलांटीसकट.
घाबरून पान फाडलं.

शेजारी त्याचा हात
गोधडीवर निवांत पडलेला.
झोपेत तो थरथरत नाही.
मी दिवा मालवायचं
जरा लांबवलं.