सोमवारी दहा चाळीस

बेदाणा चार अंशांवर झोपतो.
त्याला जाग येऊ नये म्हणून मी जागा,
कुपवाडच्या शीतगृहात, रात्रपाळीला.
कॉम्प्रेसरची घरघर, आणि एक जुनं यंत्र
ज्याच्या परवान्यावर कुंभोजशेठनी रुपया घातला नाही.
"फुकट मिळतंय म्हणतोस ना? मग तेच टाक."

फुकट मिळालं. शिकायला तीन हिवाळे गेले.
पहिल्याच हिवाळ्यात मी एका ओळीत
अख्ख्या हंगामाच्या नोंदी पुसल्या.
तेव्हा कुणीतरी, कुठल्यातरी देशातून विचारलं होतं,
"आधी हात बाजूला घे.
आता सांग, शेवटचं काय टाइप केलंस?"
शिवी नाही, उपदेश नाही.
उजाडेपर्यंत नोंदी परत आल्या, थोड्या खरचटलेल्या.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.
पुढचे सगळे त्याच्याच खात्यावर.

दोनचे आकडे वहीत उतरवले
की चारपर्यंत मी लोकांची अडलेली यंत्रं बघतो.
कुणाची डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.
कुणी सगळ्या फायलींना सातशे सत्त्याहत्तर लावून
खुशीत सांगतो, आता चालतंय.
चालतंय खरं, मी लिहितो,
पण दादा, दाराचं कुलूपच काढून ठेवलंत.
कुणी रूट होऊन दिवसभर हिंडतो.
त्याला म्हणतो, मालकाची टोपी
काम झालं की खुंटीला अडकवावी.

ती आली सप्टेंबरच्या शेवटी. नाव एवढंच, आर. अत्तार.
सर्व्हर मधेच मरतो. रक्ताचे रिपोर्ट अडकतात.
पेशंट बाकड्यावर बसून राहतात.
इंग्रजी मोडकं, माझ्याइतकंच.
मी म्हटलं, लॉग पाठवा.

लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी.
खोटं लिहायचं त्याला सुचत नाही.
मी खालून वर वाचत गेलो.
मेमरी ठीक. डिस्क ठीक. पंखा फिरतोय.
आणि मधेच कोरं,
कुणी जेवता जेवता ताटावरून उठून जावं तसं.
बंद होतोय असंसुद्धा न लिहिता.
सात तारीख. चौदा. एकवीस.
कॅलेंडर काढलं, सगळे सोमवार.
सगळे दहा चाळीस.

मी खुर्चीत मागं टेकलो.
सोमवारी दहा चाळीसला
मी घरी गाढ झोपेत असतो,
आणि डोक्यावरचा पंखा थांबतो.
आई स्वयंपाकघरातून ओरडते, "गेली रं!"
मिक्सरमध्ये चटणी अर्धी.

विचारलं, यूपीएसची बॅटरी किती वर्षांची?
ती उठून बघून आली. "सहा."
म्हणजे कमांड नकोच होती, बॅटरी हवी होती.
आणि बॅटरी येईस्तोवर क्रॉनमध्ये एक ओळ:
तीस, दहा, चांदणी, चांदणी, एक.
सोमवारी साडेदहाला
यंत्रानं स्वतःहून, सगळं आवरून, डोळे मिटावेत.

मग न राहवून विचारलं, असता कुठं?

इंग्रजीतच आलं:
"मिरज. छोटं गाव आहे. तुम्हाला माहीत नसेल."

गोदामात मी एकटाच हसलो.
खोक्यांच्या रांगांपलीकडच्या झरोक्यातून
मिरजेच्या अंगाचं आभाळ जरा पिवळं दिसतं,
तिकडं बघत राहिलो.
इंग्रजीत लिहायला घेतलं, पुसलं.
कीबोर्ड बदलला. काना कुठं, अनुस्वार कुठं,
शोधत शोधत एकेक अक्षर बसवलं:
"आमच्याकडंबी सोमवारीच जाते."

बराच वेळ काही नाही.
चार अंश. चार अंश. चार पॉइंट एक.

मग आलं,
"आवो, मग हे आधी सांगायचं की!"

चारची नोंद वहीत वीस मिनिटं उशिरा पडली,
या हंगामात पहिल्यांदाच.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं, सुचेना.