पुएर्तो मोन्तचा तिमाही तक्ता

हीटर माझ्या पायांपुरता.
खिडकीत समुद्र, न पुसलेल्या पाटीसारखा.
तिसऱ्या मजल्यावर मी रकाने भरते आहे:
कोण वाढलं, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, शेकडा किती.
टक्के मी शाळेत शिकले,
टोणपे ग्लोरियाच्या हाताखाली.

मायते, सांतियागोची, वय एकोणीस,
डोळ्यांच्या कडेला काजळाचे पंख काढते.
छोट्या व्हिडिओंवर तिचे चाळीस लाख,
या तिमाहीत आणखी आठ हजार आले.
आठ हजार!
माझ्या मावशीच्या बेटावर एवढी डोकी नाहीत,
मेंढ्या धरूनसुद्धा.
तक्त्यात मात्र शून्य पूर्णांक दोन,
लाल अक्षरांत.
ग्लोरिया म्हणते, ही मुलगी संपली.

फाबियान शिंपले शिजवतो, तीन ठिकाणी.
फोटोंवर बारा टक्के, लांब व्हिडिओंवर नऊ,
छोट्यांवर एकतीस.
मी बेरीज करत नाही,
कारण त्याची आई तिन्हीकडे आहे, तीन नावांनी,
आणि प्रत्येक नावाने
‘मीठ कमी घाल’ असं लिहिते.

आणि सगळ्यांच्या वर, हिरवागार,
शंभर टक्के:
दोन अनसेल्मो नाउतो, वय एकाहत्तर.
होडीच्या फळ्यांमधल्या फटीत
आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकून बसवतो.
तासभर. एक शब्द नाही.
मधे कुत्रं येतं, जातं.
त्याचे तिनाचे सहा झाले.

‘याला काढ,’ ग्लोरिया म्हणाली,
‘आलेख बिघडतोय. किमान हजारांची अट घाल.’
घालते म्हटलं.
चहा घेतला. घातली नाही.

सहा जण कोण ते मला पाठ आहे.
नातू, त्यानेच फोन धरलेला असतो.
नातवाच्या शाळेतली बाई.
नॉर्वेचा कुणीतरी, जो दर वेळी
फक्त हातोडीचं चित्र टाकतो.
पोर्तुगीजमध्ये फटीची रुंदी विचारणारी एक,
जिला अजून उत्तर मिळालेलं नाही.
मी.
आणि पुन्ता आरेनासची ओतिलिया, त्याची बहीण.

मे महिन्यापासून ओतिलिया बघत नाही.
नातवाला विचारलं, तर म्हणाला, गेली,
फुप्फुसं होती.
खातं आहे.
म्हणून सहाचे सहाच.
मेलेली माणसं या तक्त्यात
सगळ्यात टिकाऊ.

रात्री उशिरा मी मागे गेले,
त्याच्या पहिल्या महिन्यापर्यंत.
तिथे आधी शून्य, मग एक.
वाढीचा दर काढायला गेले
तर चौकटीत आकडा येईना, चूक दाखवू लागली:
शून्याने भागता येत नाही.
चौथीतच शिकवलं होतं की हे.
पण कुणी सांगितलं नव्हतं
की पहिलं माणूस कुठल्या वेगाने येतं
ते मोजायला गणिताकडे काही नाही.
पहिली ओतिलियाच होती.
‘बाबांसारखाच ठोकतोस,’ लिहिलं होतं तिने,
स्पेलिंग चुकवून.

ती चौकट मी दुरुस्त केली नाही.
उद्या ग्लोरिया विचारेल, ही घाण कसली.

आता नवा व्हिडिओ सुरू आहे.
ठक. ठक.
थांबून, अंगठ्याने चाचपून, पुन्हा ठक.
खाली कोपऱ्यात, आत्ता बघणारे: दोन.
एक मी.
दुसरं कोण, ते शोधत नाही.