निरोगी क्रमांक सत्तेचाळीस

तुलनेसाठी निरोगी मेंदू कमी पडत होते,
म्हणून हेल्वे स्वतःच यंत्रात आडवी झाली.
एकोणतीस वर्षं तार्तूतल्या या तळघरात
‘हलू नका, वीसच मिनिटं’ म्हणत आलेली हेल्वे.
हलली नाही.
आतल्या ठोठावण्याबद्दल नंतर म्हणाली,
‘आमचा शेजारी रविवारी छपरावर चढतो ना, तसंच.’

फॉर्मवर दोन चौकोन होते.
अनपेक्षित काही आढळल्यास: कळवावे. कळवू नये.
तिनं दुसऱ्यावर खूण केली
आणि माझं पेन खिशात घालून निघून गेली.

नावं आम्ही आधीच पुसतो.
पण सत्तेचाळीसच्या कवटीवर एक जुनी खोक आहे:
अकराव्या वर्षी, एमायोगीच्या बर्फावर, भावाची घसरगाडी.
ही गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितलीय.
(शंभरदा. आता हेही मोजू लागलोय मी.)

प्रोग्रॅमला मीच शिकवलं,
हजारो मेंदू दाखवून, पुढे त्यांचं काय झालं ते सांगून.
त्याला हेल्वे ठाऊक नाही.
कानशिलाच्या आत, करंगळीएवढ्या जागेवर
त्यानं केशरी रंग सांडला
आणि खाली लिहिलं, शंभरात एक्क्याऐंशी.
शाळेत एवढे पडले असते तर
आईनं केक केला असता.

डॉक्टर कायसा म्हणाल्या, खूण म्हणजे खूण.
उरलेले एकोणीस कुठे उभे असतात
ते मी विचारलं नाही.

जेवताना ती म्हणाली, या माशावर ते हवं होतं,
ते... हिरवं, बारीक,
आणि हवेत बोटं चोळत राहिली.
शेपू.
शब्द माझ्या जिभेवर होता. दिला नाही.
सेकंद मोजले. चार.
मग राईचा पाव घशाखाली उतरेना.
चाव्या तर ती दहा वर्षांपूर्वीही विसरायची,
तेव्हा आम्ही हसायचो,
कुणाच्या हातात घड्याळ नसायचं.

आज तिनं माझं पेन परत केलं.
‘चौदा नोव्हेंबरला चुकून नेलं होतं,’
तारखेसकट.
आणि म्हणाली, ‘राइगो, हल्ली तू
काचेपलीकडून बघतोस माझ्याकडे.’
मी स्क्रीन पुसायला घेतला. स्वच्छच होता.

बाहेर ती पुढच्या म्हाताऱ्याला सांगत होती,
अंगठी काढा, घड्याळ काढा,
कवळी असेल तर तीही,
आणि कुठे ठेवलंत
तेवढं लक्षात ठेवा.